पावशेर

रात्री साडेनऊला मेजर शौर्य दाढी चिकटवतो.
जुन्या मालिकेत त्याला दोनच प्रसंग होते,
एकदा फाईल आणून दिली, एकदा दार ओढून घेतलं.
लोकांना आवडला म्हणे,
म्हणून आता त्याची वेगळी मालिका.
नातू सांगतो, आजी, याला स्पिन-ऑफ म्हणतात.
मी म्हणते, फुटवा. केळीला येतो तसा.

घोरपडीत राहायचं म्हणजे आवाज मोठा ठेवावा लागतो,
मिरजेची गाडी जाताना
मेजरचे निम्मे संवाद सोबत घेऊन जाते.
हे खुर्चीत, पाय स्टुलावर, डोळे मिटलेले.
निवृत्त सुभेदार. खातं कुठलं
ते पेन्शनच्या कागदावरही धड नाही.

मेजर भंगारवाल्यांच्या टोळीत शिरलाय.
डेपोतलं पितळ बाहेर जातंय, नळ्या, बिजागऱ्या, रिकाम्या पुंगळ्या.
शर्ट मळवलाय त्याचा,
नखं मळवायची राहून गेली.

त्या वर्षी हे जबलपूरला होते.
पत्रं जबलपूरची, शिक्का जबलपूरचा.
'इकडे थंडी फार आहे', मे महिन्यात आलेलं.
गठ्ठ्याने लिहून ठेवली असणार, आणि टाकणाऱ्याने
वरचं सोडून खालचं टाकलं.

गॅस आला तसा मी पितळी स्टो काढला विकायला.
बुधवार होता. आधी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तोलून घेतला,
भरला दोन किलो.
जुन्या बाजारात, नदीच्या अंगाला, ताडपत्रीखाली
तराजू घेऊन बसलेल्याला सगळे गुंडू म्हणत होते.
दाढी. कानावर विडी.
डाव्या अंगठ्याचं नख वाकडं,
लग्नाआधी दारात चिमटलेलं.

आजच्या भागात मेजरची बायको अशीच बाजारात येते.
पिशवी पडते, टोमॅटो घरंगळतात,
ती त्याचं खरं नाव घेते. तीनदा,
तीन बाजूंनी. मग जाहिरात.

खोटं आहे.
नाव कुणी घेत नाही.
मी विचारलं, काय भाव देणार?
गुंडूने स्टो पारड्यात टाकला. पावणेदोन, म्हणाला.
दोन आहे, वाण्याकडे तोललाय.
मग वाण्यालाच विका, बाई.
बाई म्हणाला.
मागे उभे असलेले दोघं हसले,
त्यातल्या एकाच्या बुटाला पॉलिश होतं, त्या चिखलात.
मी पदर खोचला आणि भांडले.
असं भांडले की शेजारचा कुलूपवाला उठून उभा राहिला.
त्याची आई काढणं शक्य नव्हतं,
ती माझ्याच घरी खोकत पडलेली.
म्हणून म्हटलं, घरात म्हातारी आजारी आहे,
औषधाला पैसे नाहीत, मापात पाप करू नका.

काटा हलला नाही.
गुंडूने पैसे मोजले. पावणेदोनचेच.

स्टेशनपर्यंत चालत आले, दोन बस सोडून दिल्या.
शनिवारी जबलपूरची मनिऑर्डर आली,
नेहमीपेक्षा चाळीस रुपये जास्त.
निरोपाच्या जागी दोनच शब्द, आईस औषध.

मग दिवाळीनंतर हे आले, गुळगुळीत दाढी करून,
भेडाघाटचा संगमरवरी गणपती घेऊन.
मी विचारलं, थंडी होती का?
म्हणाले, होती.
छत्तीस वर्षं तो गणपती कपाटावर आहे.

जाहिरात संपते. मेजर बायकोला मिठीत घेतो,
भर बाजारात. टोळी कुठे गेली कोण जाणे.
यांचे डोळे मिटलेलेच.
"दोनच होता," हे म्हणतात.
"मागे माणसं उभी होती."

गाडी येते. खिडकीची तावदानं थरथरतात.
मी आवाज वाढवत नाही.
गाडी पूर्ण जाऊ देते, मग म्हणते,
वॉशरसुद्धा नवा घातला होता त्याला.